कोकणात घर-जमिनीचा खरा भाव कसा काढायचा

"सध्या कोकणात काय रेट चाललाय?" असं पाच जणांना विचारून बघा, सहा आकडे मिळतील. त्यात खोटं बोलणारे असतीलच, पण मुळात प्रश्नच चुकीचा आहे कारण कोकण हा एक बाजार नाहीच. अलिबाग-मांडव्याला गिऱ्हाईक दक्षिण मुंबईचं, बोटीने येणारं. दापोली-गुहागरला पुण्या-मुंबईचे सेकंड होमवाले. खेड, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ इथल्या फ्लॅटला शिक्षक, बँकवाले, एमआयडीसीतले लोक, शिवाय गावचं घर सांभाळायला माणूस नाही म्हणून तालुक्याला आलेले आईवडील. मालवण-वेंगुर्ल्याला होमस्टेचं गणित, आणि दोडामार्ग-बांद्याकडे तर गोव्याचा पैसा. यातल्या एकाचा भाव दुसऱ्याला लावला की गणित बोंबललं. म्हणून पहिलं काम हे, की तुम्ही बघताय त्या पाच-सात किलोमीटरात गेल्या वर्षा-दोन वर्षांत नक्की कोणी घेतलं ते शोधा. गावातला दुकानदार आणि वायरमन हे सांगतील, एजंटपेक्षा चांगलं सांगतील, कारण नवीन मीटर कोणाच्या नावावर लागला हे वायरमनला माहीत असतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, तिच्यावर बाकी सगळं उभं आहे. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 96 हजारांच्या पुढे होती, 2011 ला ती 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गातही 8 लाख 68 हजारांवरून 8 लाख 49 हजार झाली. माणसं कमी झाली आणि जमिनीचे भाव मात्र चढले! म्हणजे भाव गावातल्या पगारावर ठरत नाही, तो बाहेरून येणाऱ्या पैशावर ठरतो. मुंबई-पुण्याच्या नोकऱ्या, आयटीवाल्यांचे बोनस, शेअर बाजार, आखातातून येणारा पैसा, हे नीट चाललं की आपल्याकडे गुंठा महाग होतो. तिकडे मंदी आली की इथे भाव पडत नाहीत, नुसते व्यवहार थांबतात. हे नीट समजून घ्या, कारण चाकरमान्याची वडिलोपार्जित जमीन असते, तिच्यावर ना कर्ज ना हप्ता, त्यामुळे गिऱ्हाईक नाही म्हणून तो स्वस्तात देत नाही, गप्प बसून राहतो. मग एजंट म्हणतो "बघा, भाव टिकून आहे". टिकून कसला, विकलंच जात नाहीये. म्हणून भाव विचारताना "किती चाललाय" असं नका विचारू, "शेवटचा व्यवहार कधी झाला आणि कितीला" असं विचारा.

तो व्यवहार स्वतः बघायची सोय आहे आणि फुकट आहे, तरी लोक वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या, म्हणजे आयजीआर महाराष्ट्रच्या साईटवर ई-सर्च आहे. तिथे वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सूची क्रमांक 2 दिसते, म्हणजे कोणी कोणाला किती क्षेत्र कितीला विकलं ते. आजूबाजूच्या जमिनींचे गट नंबर महाभूनकाशावर, म्हणजे जमिनींच्या सरकारी ऑनलाइन नकाशावर, मिळतात. ते काढा, गेल्या तीन वर्षांचे टाकून बघा, आणि रकमेला क्षेत्राने भागा. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. साईट मधेमधे झोपते, रात्री उशिरा किंवा पहाटे बरी चालते. आता कोणी म्हणेल कागदावर खरी रक्कम कुठे असते, ते बरोबर आहे, बऱ्याच वेळा ती रेडी रेकनरच्या, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेल्या दराच्या, आसपासच दाखवतात. रेकनरच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त खाली गेलं तर फरकावर आयकर लागू शकतो, म्हणून फार खाली कोणी जात नाही. म्हणून मी असं धरतो की कागदावरचा आकडा म्हणजे तळ, एजंटचा आकडा म्हणजे छप्पर, आणि खरा सौदा मधे कुठेतरी. दोघांत दुपटीपेक्षा जास्त अंतर असेल तर एजंट स्वप्न विकतोय.

रेकनर दरवर्षी 1 एप्रिलला जाहीर होतो, पण 2022 नंतर तीन वर्षं दर तेच ठेवले होते आणि एप्रिल 2025 ला राज्यात सरासरी 4 टक्क्यांच्या आसपास वाढवले. ही वाढ म्हणजे बाजार वाढला असं नाही, ते सरकारचं ड्युटीचं गणित आहे. आणि पेपरात घरांच्या किमती अमुक टक्के वाढल्या अशी बातमी येते ती मोठ्या शहरांच्या निर्देशांकाची असते, सावंतवाडीला ती लावायची नाही.

शहरातला फ्लॅट असेल तर भाव पडताळायचा सोपा उपाय म्हणजे भाडं. समजा चिपळूण किंवा रत्नागिरीत 40 लाखांचा फ्लॅट आहे आणि तसाच शेजारचा 9 हजाराने भाड्याने जातो. वर्षाचे झाले 1 लाख 8 हजार, म्हणजे 2.7 टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि घरपट्टी वजा. बँकेतली एफडी याच्या दुपटीने देते. मग बाकीचं सगळं किंमत वाढेल या आशेवर आहे हे स्वतःला स्पष्ट सांगा, आणि मग राहायला घेत असाल तर खुशाल घ्या, पण गुंतवणूक म्हणून घेत असाल तर पुन्हा एकदा बसून हिशोब करा. गावातल्या बंगल्याला तर भाडेकरूच मिळत नाही, होमस्टे केला तरी मे, दिवाळी, डिसेंबर आणि लाँग वीकेंड सोडले तर पावसात खोल्या रिकाम्या.

व्याजदराचं काय? रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, फेब्रुवारी 2023 ला 6.50 टक्क्यांवर गेला आणि दोन वर्षं तिथेच बसला, फेब्रुवारी 2025 पासून उतरायला लागला आणि डिसेंबर 2025 ला 5.25 झाला. 30 लाखाचं 20 वर्षांचं कर्ज 9 टक्क्यांनी असेल तर हप्ता साधारण 27 हजार, 8 टक्क्यांनी 25,100. महिन्याला 1,900 चा फरक, नोकरदाराला हा मोठा आहे, म्हणून तालुक्याच्या गावातल्या फ्लॅटची मागणी व्याजाबरोबर हलते. जमिनीची तेवढी हलत नाही कारण शेतजमिनीला होमलोन मिळत नाही, ती साठवलेल्या पैशावर घेतली जाते. आणि आपल्याकडे एक गोची आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होमलोन बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक वेळा रेपोला, जोडावं लागतं, पण हा नियम पतसंस्था, सहकारी बँका आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांना नाही. कोकणात निम्मं जग पतपेढीकडून कर्ज काढतं, ओळखीचा मॅनेजर असतो, कागदपत्रांची कटकट नसते, पण मग रेपो उतरला तरी तुमचा हप्ता आहे तिथेच. कर्ज घेण्याआधी तोंडावर विचारा, दर कशाला जोडलाय आणि कधी बदलतो.

आता रस्ते आणि प्रकल्प. "हायवे झाला की डबल" हे वाक्य आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकलंय. कोकण रेल्वे 1998 ला पूर्ण मार्गावर धावायला लागली, तिने खरंच फरक केला. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 च्या सुमाराला सुरू झालं आणि त्यानंतर किती मे महिने गेले ते तुम्हीच मोजा. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, पण विमानं कधी आहेत कधी नाहीत. उलट अटल सेतू जानेवारी 2024 ला खुला झाला आणि अलिबाग-पेण-उरणच्या लोकांचा मुंबईचा वेळ खरोखर वाचला. म्हणजे सगळे प्रकल्प थापा नसतात, पण भाव घोषणेच्या दिवशी चढतो आणि काम होईपर्यंत एक पिढी जाते. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या नावावर आज जे भाव सांगतायत, तिथे आज गाडी ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्याचे पैसे द्या, पुलाचे नको. नाणारला 2019 ला रिफायनरीचं भूसंपादन रद्द झालं, मग बारसूची चर्चा झाली, दोन्हीकडे बाहेरच्यांनी आधीच जमिनी उचलल्याची चर्चा झाली. ज्याने आधी घेतली त्याला माहिती होती, शेवटी घेणाऱ्याला फक्त जमीन उरते.

पण कोकणात भाव खरा फिरतो तो सातबाऱ्यावर, आणि इथे घाई करू नका. एकाच समुद्राच्या दोन जमिनी, एक चाळीस हजाराला गुंठा आणि दुसरी चार लाखाला, असं दिसलं की फरक कागदात असतो. महाभूलेखवर सातबारा काढा आणि आधी नावं मोजा. आजोबांच्या नावाने सामाईक खातं, त्याच्याखाली तीसेक वारस, अर्धे विरार-डोंबिवलीला, दोघं परदेशात, एक आत्या जिचं नाव लागलंच नाही. वाटप झालेलं नसेल तर तुम्ही जमीन नाही, भांडणातला हिस्सा घेताय. सगळ्यांच्या सह्या घ्या, "तो भाऊ येईल सहीला गणपतीत" यावर पैसे देऊ नका. मग इतर हक्काचा रकाना. तिथे कुळाचं नाव आहे का, कूळकायद्याच्या कलम 43 चा (कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरच्या बंधनाचा) शेरा आहे का, वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का. सिंधुदुर्गात आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेल्या) जमिनी, आंबोली-गेळे-चौकुळला कबुलायतदार गावकर (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी पद्धत), आणि 1975 च्या कायद्याने लागलेला खाजगी वनाचा शेरा, हे बाहेरच्या वकिलाला कळतही नाही, त्यामुळे वकील त्याच तालुक्यातला घ्या.

समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम. गावात भरतीरेषेपासून 200 मीटरांत, दाट वस्तीच्या गावात 2019 च्या नियमाने 50 मीटरांत नवीन बांधकामाला बंदी, आणि सीआरझेड खाडीलाही लागतो, अंतर वेगळं असलं तरी, हे सोयीस्कर विसरलं जातं. नारळाच्या बागेत उभं राहून "इथे कॉटेज बांधा" म्हणणारा माणूस परवानगी काढून देत नाही. घाटाच्या पायथ्याला असेल तर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गावाचं नाव आहे का बघा. आणि तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन सरळ घेता येत नाही, 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, मग एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट शोधावा लागतो. "एनए करून देतो" आणि "एनए झालेला" यात भावाचा मोठा फरक असायला हवा. एजंट दोन्ही एकाच भावाने सांगत असेल तर हसून चहा प्या आणि निघा.

फ्लॅटला महारेरा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर बघा, 500 चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असं दोन्ही असेल तर नोंदणी लागते. छोट्या गावात नेमके आठ फ्लॅटचे प्रोजेक्ट का दिसतात ते आता कळलं असेल. नोंदणीकृत करार होईपर्यंत 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे द्यायचे नाहीत. चिपळूणला घेत असाल तर 22 जुलै 2021 ला त्या गल्लीत पाणी कुठपर्यंत होतं हे शेजाऱ्यांना विचारा, भिंतीवर खूणही सापडेल, आणि पूररेषेचा नकाशा नगरपरिषदेत बघा. तळमजला स्वस्त दिसतो तो उगीच नाही.

घर बांधायचं असेल तर जमिनीच्या भावाइतकाच चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) आणि वाळूचा हिशोब करा. वाळूचे लिलाव अडकले की वाळू मिळेल त्या भावाने घ्यावी लागते, खाण लांब असेल तर चिऱ्यापेक्षा वाहतूक महाग पडते, गवंडी-मजूर परप्रांतातले असतात ते सणाला घरी गेले की काम बंद, आणि जून ते सप्टेंबर पायाचं काम होत नाही. सप्टेंबर 2025 ला सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 झाला, त्याचा थोडा फायदा आहे, पण पाणंद अरुंद असेल आणि ट्रक आत येत नसेल तर तो फायदा माल डोक्यावरून वाहण्यातच जातो.

जागा दोनदा बघायची. एकदा मे च्या शेवटी, विहिरीला पाणी आहे का ते बघायला, आणि एकदा जुलैत, वहाळ कुठून वाहतो आणि रस्ता राहतो का ते बघायला. भाव मात्र पावसात विचारा, मे मध्ये नको. मे मध्ये चाकरमानी आलेले असतात, आंबा चालू असतो, समुद्र निळा दिसतो आणि सगळ्यांच्या तोंडी चढे आकडे असतात. आषाढात एजंटकडे वेळ असतो, मालकाला पोराच्या ॲडमिशनची फी भरायची असते. टोकन देण्याआधी स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या, 15 दिवस थांबा. ती आत्या असेल तर तेवढ्यात फोन करतेच.