गिल्ड वॉर्स २ चा नकाशा शंभर टक्के कसा फिरावा

गिल्ड वॉर्स २ या ऑनलाइन खेळाचा नकाशा कसा पूर्ण करायचा असं कुणालाही विचारा, दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, "खेळत राहा, जाता-येता होऊन जाईल." दोन, "उडणारा माउंट, म्हणजे बसायचं जनावर, घे, मग प्रश्नच नाही." दोन्ही सल्ल्यांनी माणसं अर्ध्यात सोडून देतात. जाता-येता बराचसा नकाशा होतो हे खरं, पण जो उरतो तो चुकून कधीच सापडत नाही. आणि उडणारा माउंट डोंगराच्या माथ्यावर नेतो, डोंगराच्या पोटात नेत नाही. लोक जिथे रडकुंडीला येतात त्या जागा पोटातच असतात.

खेळ कसा उतरवायचा, कोणती कळ कशाची, हे इथे सांगत नाही. तेवढं येतंय असं धरून पुढे जाऊ.

आधी हिशोब

टायरिया म्हणजे या खेळातलं जग. मूळ टायरियाच्या नकाशात पंचवीस प्रदेश आणि सहा शहरं मोजली जातात. तिथले वेपॉइंट (झटकन प्रवास करायची ठिकाणं), पॉइंट ऑफ इंटरेस्ट (बघायच्या जागा, पुढे नुसतं पॉइंट), व्हिस्टा (उंचावरची दृश्यं), हिरो चॅलेंज (छोटी आव्हानं) आणि हार्ट (त्या भागातल्या लोकांची कामं) हे सगळं मिळून शंभर टक्के होतात. शहरांत हार्ट आणि हिरो चॅलेंज नसतात, ऑरच्या तीन प्रदेशांतही हार्ट नाहीत. जंपिंग पझल मोजली जात नाहीत. साउथसन कोव्ह, ड्राय टॉप, सिल्व्हरवेस्ट्स आणि नंतरच्या एक्स्पान्शनचे (वेगळ्या विकत घ्यायच्या भागांचे) प्रदेशही या हिशोबात नाहीत. वर्ल्ड व्हर्सेस वर्ल्डचे, म्हणजे खेळाडूंच्या मोठ्या गटांच्या आपसातल्या लढाईचे, नकाशे पूर्वी धरले जात, आता नाहीत. त्यामुळे जुनं मार्गदर्शन वाचून शत्रूच्या किल्ल्यापाशी पॉइंट शोधत बसू नका.

नकाशाची प्रगती कॅरेक्टरप्रति असते, खात्याप्रति नाही. एकच कॅरेक्टर ठरवा आणि त्यालाच चिकटून राहा. दोघांवर अर्धा-अर्धा नकाशा म्हणजे हातात शून्य.

सर्व्हर फक्त उत्तर अमेरिका आणि युरोप इथेच आहेत. आपल्याकडून युरोप घ्या. पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) जास्तच राहणार, पण नकाशा फिरायला तो आड येत नाही.

"आधी लेव्हल ८० करा, मग नकाशा" हाही एक आवडता सल्ला. ८० ही सगळ्यात वरची लेव्हल. तो मानू नका. प्रत्येक नवीन वेपॉइंट, प्रत्येक पूर्ण हार्ट, प्रत्येक पूर्ण प्रदेश अनुभव देतो, म्हणजे नकाशा फिरणं हीच लेव्हल वाढवायची रीत आहे. शिवाय खालच्या प्रदेशात गेल्यावर खेळ तुमची लेव्हल तिथल्या मापाला आणतो, त्यामुळे ८० होऊन क्वीन्सडेलसारख्या सुरुवातीच्या प्रदेशात आलात तरी फार मोठा फरक पडत नाही.

सोपे टप्पे

प्रदेशात शिरलात की स्काउट नावाच्या पात्राशी बोला. तो हार्ट कुठे आहेत ते नकाशावर उघड करतो.

आधी हार्ट घ्या. ते प्रदेशभर पसरलेले असतात, त्यामुळे वाटेतले वेपॉइंट आणि पॉइंट आपोआप होतात. त्या भागात इव्हेंट चालू असेल तर त्यात घुसा, त्यानेही हार्ट भरतो.

हिरो चॅलेंज म्हणजे कधी लढाई, कधी नुसतं एखाद्या जागेपाशी थांबून कम्यून (ध्यान) करणं. मूळ प्रदेशातली बहुतेक एकट्याने होतात.

काठाने एक फेरी मारा. नकाशावर अजून धुक्याखाली, म्हणजे न फिरलेल्या भागातल्या खुणा दिसतच नाहीत, आणि न दिसणारी खूण हुकली हे कळतही नाही.

एक प्रदेश पूर्ण केल्याशिवाय दुसऱ्यात जाऊ नका. एखादा पॉइंट "नंतर बघू" म्हणून सोडलात तर तो सगळ्यात शेवटी, सगळ्यात कंटाळलेल्या दिवशी समोर येतो.

आता मुख्य गोष्ट.

नकाशावरची खूण आणि तिथे जायची वाट

मी सगळ्यात जास्त वेळ इथेच अडकलो आहे, आणि मला विचारायला येणारी देवगड, मालवणची पोरंही इथेच अडकतात. पॉइंट नकाशावर दिसतो. तुम्ही त्याच्यावर उभे आहात. छोट्या नकाशात तुमचा बाण नेमका त्या चौकोनावर आहे. तरी तो भरत नाही. का, तर तो तुमच्या पायाखाली तीन मजले आहे, किंवा डोक्यावर.

कोकणातल्या माणसाला हे पटकन समजायला हवं. सड्यावरून खाली खाडीकाठची वाडी दिसते, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. पण नवखा माणूस सरळ उतरायला गेला तर करवंदीच्या जाळीत नाहीतर कड्यावर अडकतो. पाखाडी कुठून सुटते ते ठाऊक असलेला आधी उलट्या दिशेला चालतो आणि त्याच्या आधी पोचतो. टायरियातही हेच. खुणेकडे जाऊ नका, खुणेकडे जाणारी वाट जिथे सुरू होते तिथे जा. ती जागा बहुतेक वेळा खुणेपासून बरीच लांब, टेकडीच्या दुसऱ्या अंगाला असते.

ब्रिस्बन वाइल्डलँड्समध्ये स्क्रिट या उंदरासारख्या लोकांची अख्खी वस्ती जमिनीखाली आहे. वरच्या झाडीत कितीही घिरट्या घाला, काही मिळणार नाही. ड्रेजहॉन्ट क्लिफ्समध्ये ड्रेज या चिचुंद्रीसारख्या लोकांच्या खाणी आणि बोगदे आहेत. बर्फावर उभं राहून खालचा पॉइंट भरत नाही, बोगद्याचं तोंडच शोधावं लागतं.

मी ते असं शोधतो. मोठा नकाशा उघडून मजला खाली-वर करून बघतो. नकाशावर मजले बदलायची सोय आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या लोकांनी तिला हात लावलेला नसतो. खालच्या मजल्यावर बोगद्याचा आकार दिसला की तो कुठल्या बाजूला जाऊन संपतो ते पाहायचं. तोंड तिथेच. तो भाग अजून धुक्यात असेल तर टेकडीच्या पायथ्याने एक पूर्ण प्रदक्षिणा घालायची, माथ्यावरून नाही. माथ्यावरून गुहेचं तोंड दिसत नाही, हे इतकं साधं आहे तरी लोक वर चढून खाली बघत बसतात. दिवे, रूळ, पहारेकरी, दगडात नीट कापलेली चौकट यांपैकी काहीही दिसलं की आत शिरा. ड्रेजसारख्यांची गस्त दिसली तर लगेच मारू नका. थोडं अंतर ठेवून मागे जा, ती कधीकधी थेट दारात नेते.

तरीही नाही मिळालं तर पाणी बघा. तळ्याच्या तळाशी, धबधब्यामागे, खडकाच्या बेचक्यात भोक असतं. टिंबरलाइन फॉल्समध्ये आणि स्ट्रेट्स ऑफ डेव्हॅस्टेशनमध्ये पाण्याखाली बरंच काही आहे, आणि पोहायचा कंटाळा असणाऱ्यांची टक्केवारी तिथेच थांबते. या खेळात पाण्याखाली श्वास संपत नाही. बुडी मारा.

शेवटचा उपाय विचारण्याचा. नकाशावरच्या खुणेवर शिफ्ट धरून क्लिक केलंत की तिची लिंक चॅटमध्ये पडते. मॅप चॅटमध्ये (त्या प्रदेशातल्या सगळ्यांना दिसणाऱ्या) ती लिंक टाकून "वाट कुठून?" एवढंच इंग्रजीत विचारा. "कुठे आहे?" असं विचारू नका. कुठे आहे ते तुम्हालाही दिसतंय. लोक "नकाशात बघ" म्हणतात आणि संभाषण संपतं. वाटेबद्दल विचारलंत तर कुणीतरी प्रवेशाजवळचा वेपॉइंट देतं.

शहरांना याच नजरेने घ्या. राटा सम हा हवेत तरंगणारा घन आहे, एकावर एक मजले. द ग्रोव्ह उतारांनी खाली-खाली जातं. ब्लॅक सिटाडेल लोखंडी पोटात बांधलेलं आहे. शहर म्हणजे सोपं असं समजून लोक धावत एक फेरी मारतात आणि एखादा खालचा मजला राहून जातो. शहरात प्रत्येक मजला वेगळा प्रदेश समजून पुरा करा.

व्हिस्टा

व्हिस्टाची खूण हवेत तरंगते आणि दुरून दिसते. दिसली की लगेच तिच्याखाली जाऊन उड्या मारायला लागणं ही वाया घालवलेली संध्याकाळ. थोडं मागे सरका, कॅमेरा फिरवा, आणि खुणेपासून उलटं खाली या. ती खूण कुठल्या फळीवर आहे, त्या फळीवर कुठल्या कठड्यावरून येता येईल, कठड्यावर कुठून. असं करत जमिनीपर्यंत या. जमिनीवरची पहिली पायरी बहुतेक वेळा पडकी भिंत, पेट्यांचा ढीग किंवा कललेलं लाकूड असते, आणि ती मागच्या बाजूला असते.

सेटिंग्जमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू शेवटपर्यंत वाढवा. अरुंद तुळईवर धावू नका, चालण्याची कळ वापरा. व्हिस्टाचं दृश्य पूर्ण बघायला हवं असं नाही, सुरू झाल्यावर सोडून दिलं तरी ते मोजलं जातं. पण मी बघतो. इतकं चढून आल्यावर ते बघायला हवं.

पाथ ऑफ फायर हे एक्स्पान्शन असेल तर स्प्रिंगर माउंट इथे खरा उपयोगाचा. उंच उडी मारतो आणि निम्मे व्हिस्टा पटकन होतात. हार्ट ऑफ थॉर्न्स या एक्स्पान्शनमधलं ग्लायडर उतरायला छान. यातलं काही नसलं तरी अडत नाही. २०१२ मध्ये खेळ आला तेव्हा यांपैकी काहीच नव्हतं आणि लोकांनी पायी नकाशे पुरे केले.

ऑर

ऑरचे तीन प्रदेश, म्हणजे स्ट्रेट्स ऑफ डेव्हॅस्टेशन, मॅल्कर्स लीप आणि कर्स्ड शोर, शेवटी ठेवा. इथे वाटेचा नाही, वेळेचा प्रश्न आहे. खेळातल्या बाल्थाझार देवाच्या देवळातलं आणि कर्स्ड शोरमधल्या ग्रेन्थ देवाच्या देवळातलं हिरो चॅलेंज देऊळ शत्रूच्या ताब्यात असताना मिळत नाही. देवळाजवळचा वेपॉइंट कंटेस्टेड (शत्रूमुळे बंद) दिसतोय का ते पाहा. दिसत नसेल तर असाल तिथून उठून आधी तिकडे जा. देऊळ किती वेळ आपल्याकडे राहील याची खात्री नसते.

कंटेस्टेड असेल तर एकट्याने झुंजू नका. वेळ आणि चिलखत दोन्ही जातं. युरोपातली माणसं संध्याकाळी सात-आठला कामावरून येऊन बसतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेदहा-साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेअकरा-साडेबारा वाजलेले असतात. ऑरची देवळं त्याच वेळेला करा. दिवसा बाकीच्या खुणा, रात्री देवळं. सकाळी लवकर उठायचं असेल तर ते काम शनिवारी ठेवा.

आणखी एक युक्ती, जी फार थोडे वापरतात. एकाच प्रदेशाच्या एका वेळी अनेक प्रती चालू असतात, आणि एका प्रतीत देऊळ शत्रूकडे असलं तरी दुसरीत ते मोकळं असू शकतं. ग्रुप शोधायच्या खिडकीत त्या प्रदेशातला एखादा ग्रुप पकडा, आणि ग्रुपमधल्या माणसाच्या नावावर उजवं क्लिक करून त्याच्या प्रतीत जा. माझं ग्रेन्थचं देऊळ असंच झालं, नाहीतर किती रात्री बसलो असतो कोण जाणे.

पावसाळ्यात किनाऱ्यावर लाईटचा भरवसा नसतो, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्या. नकाशावर सापडलेली खूण लगेच सर्व्हरवर नोंदली जाते, त्यामुळे लाईट गेली तरी ती जात नाही. देवळाची अर्धी लढाई मात्र जाते. ढग गडगडायला लागले की त्या दिवशी पॉइंट गोळा करा, देवळात जाऊ नका.

९९ टक्क्यांवर अडकलात तर

सगळे प्रदेश पुन्हा फिरायला लागू नका. मोठा नकाशा लहान करून एकेका प्रदेशाच्या नावावर माउस न्या आणि पाचही आकडे वाचा. जिथे एखादाच कमी दिसेल तिथेच जा. आधी शहरं तपासा. मला विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा राहिलेला पॉइंट कुठल्यातरी शहराच्या खालच्या मजल्यावर निघाला. त्यानंतर काठाची फेरी न मारलेले प्रदेश.

पूर्ण झालं की नावापुढे सोनेरी तारा, एक किताब आणि गिफ्ट ऑफ एक्स्प्लोरेशन दोन नग मिळतात. ही गिफ्ट विकता येत नाहीत, बँकेत ठेवा. पहिल्या पिढीच्या लेजेंडरी शस्त्रासाठी जी गिफ्ट ऑफ मास्टरी बनवावी लागते तिच्यात यातलं एक जातं. सोबत ब्लडस्टोन शार्ड, २५० ऑब्सिडियन शार्ड आणि गिफ्ट ऑफ बॅटल लागतं. हे शेवटचं मिळवायला वर्ल्ड व्हर्सेस वर्ल्ड खेळावंच लागतं, म्हणून नकाशा चालू असतानाच आठवड्यातून एखादी रात्र तिकडे काढा. दोन शस्त्रं करायची असतील तर ती दोन्ही एकाच कॅरेक्टरच्या नकाशातून निघतात, दुसऱ्या कॅरेक्टरवर पुन्हा सगळं फिरायची गरज नाही.