संख्यामालिकेची जात ओळखावी, मगच बेरीज करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासमोर संख्यामालिका प्रथम एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या, गणितात श्रेढी म्हणून येते आणि पुढे नोकरीच्या स्पर्धा परीक्षांत बुद्धिमत्ता चाचणीचा प्रश्न म्हणून येते. दोन्हीकडे सूत्र पाठ असूनही गुण जातात, कारण मालिकेची जात न पाहताच सूत्र लावले जाते. म्हणून लगतच्या पदांमधील फरकांची ओळ मालिकेखाली लिहिणे हे पहिले काम समजावे.

फरक सर्वत्र सारखा असेल तर ती अंकगणिती श्रेढी होय. तिची बेरीज करताना पहिले आणि शेवटचे पद मिळवून त्याची निमपट करावी आणि तिला पदसंख्येने गुणावे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये सांगितलेली ही रीत माझ्या मते लांबलचक सूत्रापेक्षा अधिक भरवशाची आहे, कारण तिच्यात आपण काय करतो आहोत हे प्रत्येक पायरीवर दिसते.

चूक होते ती पदे मोजताना. समजा, खानापूरकडील एखाद्या कौलांच्या कारखान्यात रास रचली आहे. तळाच्या थरात २५ कौले आहेत, वरच्या प्रत्येक थरात एकेक कौल कमी आहे आणि माथ्याच्या थरात ८ कौले आहेत. बहुतेक विद्यार्थी २५ मधून ८ वजा करून १७ थर धरतात. परंतु १७ ही थरांमधल्या उतरणींची संख्या आहे आणि थर तिच्याहून एकाने अधिक, म्हणजे १८ आहेत. २५ आणि ८ यांची बेरीज ३३, तिची निमपट साडेसोळा, आणि साडेसोळा गुणिले १८ म्हणजे २९७ कौले. फरक एकाऐवजी ५ असेल, जसे ७, १२, १७ पासून ९७ पर्यंत, तर ९० ला ५ ने भागून आलेल्या १८ मध्ये १ मिळवावा. पदे १९ आणि बेरीज ५२ गुणिले १९, म्हणजे ९८८ येते.

फरक सारखे नसतील तर गुणोत्तर पाहावे. ३, ६, १२ अशी ३८४ पर्यंत दुपटीने वाढणारी मालिका असेल, तर संपूर्ण बेरजेची दुप्पट करून तीतून मूळ बेरीज वजा करावी. मधली सर्व पदे कटतात आणि ७६८ वजा ३, म्हणजे ७६५ उरतात. मात्र १, २, ४ एवढीच पदे दिली असतील तर निर्णयाची घाई करू नये, कारण दुपटीने पुढचे पद ८ येते आणि फरक एकेकाने वाढतात असे मानल्यास ७ येते.

४, ७, ९, १२, १४, १७ यांतील फरक ३, २, ३, २ असे आलटून पालटून येतात. अशा वेळी एकाआड एक पदे वेगळी काढून दोन मालिका स्वतंत्रपणे मिळवाव्यात.

२, ६, १२, २०, ३० येथे फरक ४, ६, ८, १० आहेत आणि फरकांचे फरक सर्वत्र २ आहेत. प्रत्येक पद लगतच्या दोन संख्यांचा गुणाकार आहे, जसे १ गुणिले २, २ गुणिले ३. अशा मालिकेची बेरीज शेवटच्या पदातील दोन संख्या आणि त्यांच्या पुढची संख्या यांच्या गुणाकाराला ३ ने भागून मिळते: ५, ६ आणि ७ यांचा गुणाकार २१०, त्याचा तिसरा हिस्सा ७०. पाचही पदे हाताने मिळवली तरी ७० च येतात.