टमी टक करायचंय आणि पोटाचं जुनं दुखणंही आहे? या चुका टाळा

बेंबीखालची सैल कातडी आणि चरबी काढायची, म्हणजे टमी टक, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण या ऑपरेशनमध्ये पुष्कळदा आणखी एक काम होतं. गरोदरपणात एकमेकांपासून लांब गेलेले पोटाचे उभे स्नायू सर्जन टाके घालून मधोमध जवळ आणतात. पोटाची भिंत आवळली जाते, आतली जागा कमी होते. जठर आणि आतडी मात्र होती तेवढीच राहतात. ज्याचं पोट आधीच फुगतं, जळजळतं किंवा साफ होत नाही, त्याला हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो. मला जाणवला.

मला आयबीएस आहे, म्हणजे आतड्याच्या चालीचा जुनाट त्रास, आणि तोही बद्धकोष्ठाचा. पहिल्या भेटीतल्या फॉर्मवर 'इतर आजार' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. पोट साफ न होणं हा काय सांगण्यासारखा आजार आहे, असं तेव्हा वाटायचं. सगळ्यात मोठी चूक तीच.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मी कंबरेत वाकून, पोटाशी उशी घट्ट धरून कमोडवर बसले होते. जोर करावा तर टाके ओढले जात होते, न करावा तर काहीच होत नव्हतं. भूल, पडून राहणं, कमी खाणं आणि ट्रामाडॉलसारख्या जोरदार वेदनाशामक गोळ्या, या चारही गोष्टी आतड्याची चाल मंदावतात. माझी तर मुळातच मंद. शौच मऊ करणारं औषध अशा गोळ्यांच्या पहिल्या डोसबरोबरच सुरू करता येतं, हे नंतर कळलं. तीन-चार दिवस वाट बघून मग धावाधाव करण्यापेक्षा कोणतं औषध, किती आणि कधीपासून, हे ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. घाबरून मी इसबगोलही भरपूर घेतलं. पाणी पुरेसं पोटात जात नसताना आणि आतडी सुस्त असताना त्याने आणखी गच्च झालं. पायाखाली छोटं स्टूल ठेवणं आणि दर दोन-तीन तासांनी घरातल्या घरात चार पावलं टाकणं, याचा जास्त उपयोग झाला.

ॲसिडिटीवाल्यांनीही हलक्यात घेऊ नये. आतला दाब वाढला की जठरातलं आम्ल वर येणं सोपं होतं, त्यात पोटावर घट्ट पट्टा असतो. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) असेल किंवा रोज गोळी घेऊनही जळजळ थांबत नसेल, तर स्नायू किती आवळायचे हे ठरण्याआधी पोटाच्या डॉक्टरांचं मत घ्यायलाच हवं. नंतरच्या दिवसांत थोडंथोडं खाणं, डोक्याकडची बाजू उंच ठेवणं बरं पडतं. जेवल्यावर पट्टा टोचत असेल तर तसं सांगा. सोसून काही मिळत नाही.

अल्सर, किंवा क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याला वारंवार सूज आणणारे जुनाट आजार असलेल्यांची नेहमीची चूक म्हणजे दुखलं की घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणं. या गोळ्या अल्सरमधून रक्तस्राव घडवू शकतात, शांत असलेलं कोलायटिसही चाळवू शकतात. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मुळातच रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जास्त असतो आणि टमी टकमध्येही तो असतो, म्हणून गुठळ्या टाळण्याचं काय ठरलंय हे नेमकं विचारा. या आजारांसाठी चालू असलेल्या स्टेरॉइडमुळे जखम उशिरा भरते, म्हणून काही जण ते मनानेच सोडून देतात. तसं करू नका, अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं. आजार शांत असलेला काळ निवडावा. हिमोग्लोबिन, प्रथिनं आणि बी १२ आधी तपासून घ्यावं, कारण आतडं नीट शोषून घेत नसेल तर टाके भरायला लागणारं सामान शरीरात नसतंच. सीलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असेल तर गोळ्यांमध्ये ग्लुटेन आहे का, हेही विचारून ठेवा.

वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं. त्याने जठर उशिरा रिकामं होतं आणि भुलेत अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. पित्ताशयाच्या जुन्या, उघड्या ऑपरेशनचा बरगडीखालचा व्रणही दाखवा. तिथला रक्तपुरवठा आधीच तुटलेला असतो आणि त्यावरून सर्जन छेद कुठे घ्यायचा ते बदलतात.

एक चूक ऑपरेशन ठरवण्याच्याही आधीची असते. सकाळी सपाट असलेलं पोट संध्याकाळी ढोलासारखं होत असेल, तर तो वायू आहे, कातडी नव्हे. पोट चिमटीत धरून बघा. चिमटीत येतं ते काढता येतं. स्नायूंच्या मागची चरबी आणि आतड्यातला वायू टमी टकने जात नाही. माझं पोट आजही फुगतं, आणि आता भिंत घट्ट असल्यामुळे ते जास्त जाणवतं.

पहिल्या दिवसांत फुगारा येतोच, पण सगळं 'माझं नेहमीचंच' म्हणून सोडू नका. उलट्या थांबत नसतील, वायूसुद्धा सरत नसेल, ताप असेल किंवा पोट दगडासारखं ताठ झालं असेल, तर लगेच सर्जनला फोन करा. एकाच पोटरीला सूज आली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट इमर्जन्सी गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.