पावसाची धास्ती, उन्हाची तगमग: मन कसे सांभाळावे

रात्री पावसाचा जोर वाढला की आमच्या शेजारच्या काकू पलंगावरूनच हात खाली सोडतात आणि फरशी कोरडी आहे ना, हे चाचपून पाहतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा त्यांना कळले ते पाय पाण्यात पडल्यावरच. अशी धास्ती 'मनाचे खेळ' म्हणून झटकून टाकू नये. हवामान बदलाने हवा तापली की ती अधिक बाष्प धरून ठेवते आणि थोड्या वेळात धो धो कोसळणारा पाऊस वाढतो. तेव्हा ही भीती निराधार नाही. 'उगाच घाबरता' असे म्हणण्याऐवजी त्या रात्री काय झाले ते विचारावे आणि सांगणाऱ्याचे बोलणे मध्येच तोडू नये.

त्यानंतर भीतीच्या हाताला काम द्यावे. मृग लागण्यापूर्वी घराची कागदपत्रे, नेहमीची औषधे आणि टॉर्च एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवावीत, पाणी चढू लागल्यास वरच्या मजल्यावर कोणाकडे जायचे आणि कोणत्या आजोबांना कोणी धरून न्यायचे, हे शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे. तयारी एकदाच तपासावी. हवामान खात्याचा अंदाज सकाळ-संध्याकाळ पाहावा. रात्रभर मोबाइलवर पुराची चित्रे पाहत राहिल्याने सावधपणा वाढत नाही, फक्त झोप जाते.

उन्हाळ्याचे दुखणे वेगळे आहे आणि मला ते अधिक काळजीचे वाटते, कारण 'नागपूरकरांना उन्हाचे काय!' असे म्हणून आपण त्याकडे पाहतच नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे आपल्या सवयीचे असले, तरी भिंती तापलेल्या राहून रात्रही थंड होत नाही, तेव्हा झोप मोडते आणि सकाळपासून घरात शब्दाला शब्द लागतो. अशा दिवसांत पैशाचे, लग्नाचे, वाटणीचे विषय दुपारी काढू नयेत. ज्या खोलीत कूलर नीट चालतो तिथे सर्वांनी मिळून झोपावे, आणि कोणी तिरसटपणे बोललेच, तर आधी पाणी प्यायला द्यावे, उत्तर नंतर. मानसिक आजाराची काही औषधे, विशेषतः लिथियम (मनाच्या तीव्र चढउतारांवरचे औषध) आणि भास-भ्रमांवरील काही गोळ्या, घेणाऱ्यांना उन्हाचा त्रास अधिक होऊ शकतो. म्हणून उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

तरुणांच्या मनात याहून लांबची चिंता असते. भारतासह दहा देशांतील दहा हजार तरुणांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५९ टक्क्यांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते, असे सांगितले होते. मुलाने 'आम्ही मोठे झाल्यावर काय होईल?' असे विचारले, तर 'काही होत नाही' हे उत्तर देऊ नये; त्याला ते खोटे आहे हे कळते आणि पुढच्या वेळी तो विचारत नाही. जे माहीत आहे ते त्याच्या वयाला झेपेल इतके सांगावे आणि त्याला सोबत घेऊन एखादे दिसणारे काम करावे: लेआउटमधली तुंबलेली नाली महानगरपालिकेकडून साफ होईपर्यंत पाठपुरावा करावा, लावलेल्या कडुनिंबाला दोन उन्हाळे पाणी घालावे, दुपारी एकट्या राहणाऱ्या आजींची विचारपूस करावी. चार जणांसोबत काम केले की एकटेपणा कमी होतो, आणि माझ्या पाहण्यात माणसाला खचवतो तो बहुतेक एकटेपणाच.

तरीही दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक गेली असेल, ढग भरून आले की छातीत धडधडत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नये. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. स्वतःला फोन लावणे जड जात असेल, तर घरातल्या कोणीतरी शेजारी बसून तो लावून द्यावा.