एकच हळद, तीन प्रश्न

सातवीला आम्ल-आम्लारी शिकवताना प्रत्येक गटाला वेगळं वर्कशीट काढत बसू नका, एवढा वेळ कुणाकडे आहे. हळदीचे कागद (हळदीचा लेप लावून वाळवलेले) सगळ्यांना सारखेच द्या, प्रश्न तेवढे बदला. अडखळणाऱ्यांनी साबणाचं पाणी, लिंबू, चुन्याची निवळी टाकून नुसता रंग लिहायचा, मधल्यांनी आधी अंदाज लिहून मग बघायचं, आणि ज्यांचं पाच मिनिटांत उरकतं (मग दंगा तीच करतात!) त्यांना विचारा, लिंबू आणि साधं पाणी हळदीवरनं ओळखता येईल का? नाही येत, दोन्हीत पिवळीच राहते. मग जास्वंदीचा रस काढा, आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवा. पुण्यात कुठल्याही सोसायटीत जास्वंद सापडतेच, फक्त विचारून तोडा. आणि गटांना नावं नकोत, कुठला गट कच्चा ते पोरांना लगेच कळतं.