सहाव्या एडवर्डविषयी वाचता-लिहिताना या चुका टाळा

इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्यावरच्या मराठी लेखांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘आठव्या हेन्रीनंतर त्याचा नऊ वर्षांचा आजारी मुलगा गादीवर आला आणि मामाने राज्य चालवलं.’ हा मुलगा म्हणजे सहावा एडवर्ड. या वाक्यातलं वय तेवढं बिनचूक आहे. बाकी सगळं अर्धवट, आणि ते तसंच पुढच्या लेखांत उतरत जातं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावांचा. त्या काळच्या सरदाराला बढती मिळाली की नावच बदलायचं. एडवर्डचा थोरला मामा एडवर्ड सीमोर आधी हर्टफर्डचा अर्ल होता, फेब्रुवारी १५४७ मध्ये तो सॉमरसेटचा ड्यूक झाला. जॉन डडली त्याच महिन्यात लायलचा व्हायकाउंट होता तो वॉरिकचा अर्ल झाला, आणि ऑक्टोबर १५५१ मध्ये नॉर्थम्बरलंडचा ड्यूक. मी एका लेखात वॉरिक आणि नॉर्थम्बरलंड यांचं आपसात भांडण लावलेलं वाचलं आहे. म्हणजे बिचाऱ्या डडलीचं स्वतःशीच! वाचायला बसताना वहीच्या कडेला ही नावं आणि बढत्यांची वर्षं लिहून ठेवा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

तारखांचंही तसंच. तेव्हा इंग्लंडच्या सरकारी कागदांत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे हेन्रीच्या मृत्यूची तारीख एका ठिकाणी २८ जानेवारी १५४६ आणि दुसरीकडे १५४७ दिसली, तर कोणीही चुकलेलं नाही. आजच्या हिशेबाने वर्ष १५४७. जानेवारी ते मार्च या काळातली प्रत्येक तारीख लिहिण्याआधी हे तपासून घ्यावं.

आता ‘आजारी’ या शब्दाकडे येऊ. एडवर्डचा जन्म १२ ऑक्टोबर १५३७ रोजी हॅम्प्टन कोर्टला झाला. आई जेन सीमोर बाराव्या दिवशी गेली. पोट फाडून मूल काढलं ही नंतर पसरलेली अफवा आहे, ती खरी म्हणून लिहू नका. चार वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला होता, एप्रिल १५५२ मध्ये गोवर-देवीने तो अंथरुणाला खिळला. एवढं सोडलं तर तो घोड्यावर बसायचा, शिकारीला जायचा, भाल्याने कडी उडवण्याच्या खेळात उतरायचा. जिवावरचं दुखणं १५५३ च्या सुरुवातीला खोकल्याने सुरू झालं. शेवट माहीत असल्यामुळे आपण त्याचं अख्खं बालपण आजारात घालतो.

शिक्षणाबद्दल तो स्वतःच लिहून गेला आहे, की सहा वर्षांचा होईपर्यंत मी बायकांत वाढलो. त्यानंतर रिचर्ड कॉक्स आणि जॉन चीक हे केंब्रिजमध्ये शिकलेले गुरू आले, फ्रेंचसाठी जाँ बेलमाँ आले. लॅटिन, ग्रीक, धर्मग्रंथ यांच्या जोडीला ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणंही होतं. राजपुत्राच्या चुकीबद्दल मार खायला बार्नबी फिट्झपॅट्रिक हा सवंगडी ठेवला होता, ही गोष्ट मुलांना सांगायला मजेशीर आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. उलट हट्टीपणा मोडण्यासाठी आपण राजपुत्रालाच फटका दिला, असं कॉक्सच्या १५४४ च्या पत्रात आहे.

भाषांतरातली एक चूक फार महागात पडते. ‘प्रिव्ही कौन्सिल’ला सर्रास ‘मंत्रिमंडळ’ लिहितात. दुसरीकडे, स्वातंत्र्याआधीचे खटले वाचलेल्या आपल्याकडच्या माणसाला प्रिव्ही कौन्सिल म्हटलं की शेवटचं अपील आठवतं. एडवर्डच्या काळातलं मंडळ यांपैकी काहीच नव्हतं. ते राजाच्या निकटच्या सल्लागारांचं होतं: ते पत्रं काढायचं, हुकूम द्यायचं, सैन्य आणि पैशाची सोय बघायचं, तक्रारीही ऐकायचं. संसदेला ते जबाबदार नव्हतं. म्हणून शब्द तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून सांगा.

आणि मामा? हेन्रीच्या मृत्युपत्रात कोणी एक पालक नेमलेलाच नव्हता. मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत सोळा जणांनी मिळून कारभार पाहायचा होता. त्या मृत्युपत्रावर हेन्रीची हाताची सही नव्हती, कोरडा शिक्का होता. म्हणजे सहीचा ठसा कागदावर दाबायचा आणि कारकुनाने त्या खोबणीत शाई भरायची. राजाचा मृत्यू तीन दिवस दडवून ठेवला आणि ३१ जानेवारीला त्या सोळांपैकी हजर असलेल्यांनीच थोरल्या सीमोरला प्रोटेक्टर, म्हणजे अल्पवयीन राजाच्या वतीने राज्य चालवणारा, केलं. मार्चमध्ये त्याने मंडळावर माणसं नेमण्याचा अधिकारही लिहून घेतला. राजाच्या खासगी दालनावर मेहुणा मायकेल स्टॅनहोप बसवला.

त्या दालनाचं दार कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय या सहा वर्षांतलं काहीच उलगडत नाही. धाकटा मामा थॉमस सीमोर याला ते पक्कं कळलं होतं. थोरला भाऊ राजाला हातखर्चालाही तंगवतो हे पाहून त्याने भाच्याला गुपचूप पैसे पोचवायला सुरुवात केली. जानेवारी १५४९ मध्ये तो रात्री राजाच्या दाराशी पोचला, कुत्रा भुंकला, त्याने कुत्र्यावर गोळी झाडली. २० मार्चला त्याचं डोकं उडवलं गेलं. त्याच वर्षी डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये नव्या प्रार्थनापुस्तकावरून आणि नॉरफोकमध्ये केटच्या नेतृत्वाखाली सामायिक जमिनींना घातलेल्या कुंपणांवरून बंडं झाली. ऑक्टोबरमध्ये मंडळ उलटलं तेव्हा थोरल्या मामाने राजाला रातोरात विंडसरला नेलं. फिरायला ना दालनं ना बागा, हा तर तुरुंगच, अशी त्या पोराची तक्रार नोंदलेली आहे.

याच सॉमरसेटला ‘गरिबांचा कैवारी’ म्हणून मोकळं होऊ नका. १५४७ मध्ये, त्याच्याच अमलात, काम न करणाऱ्या भटक्याला डाग देऊन दोन वर्षं गुलाम करायचा कायदा झाला होता.

त्याच्यानंतर डडली आला, पण तो प्रोटेक्टर कधीच झाला नाही. त्याने मंडळाचं अध्यक्षपद आणि राजवाड्याचा कारभार ही दोन पदं घेतली आणि वाढत्या वयाच्या राजाला हळूहळू कामकाजात बसवलं. शेवटच्या काळात एडवर्ड मंडळाच्या कामाचे वार वाटून देणारी टिपणं स्वतः लिहीत होता. त्याला नुसतं बाहुलं म्हणणं चूक, आणि स्वतंत्र राज्यकर्ता म्हणणंही चूक.

त्याची रोजनिशी वाचताना जपा. २२ जानेवारी १५५२ रोजी थोरल्या मामाचं, सॉमरसेटचं, डोकं उडवलं, सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान, एवढीच नोंद तिथे आहे. त्यावरून दगडाच्या काळजाचा राजा असा निष्कर्ष काढतात. पण ती मन मोकळं करायची डायरी नाही, राज्यातल्या घडामोडींचं टिपण आहे. सुरुवातीच्या पानांत तर तो स्वतःबद्दलही ‘तो’ असंच लिहितो.

एडवर्डनंतर गादी कोणाला हे ठरवणारा वारसाचा कागद हा डडलीचा डाव, असंही ठोकून दिलं जातं. मसुदा एडवर्डच्या हातचा आहे. आधी त्यात गादी ‘लेडी जेनच्या पुरुष वारसांना’ होती (ही जेन ग्रे, हेन्रीच्या बहिणीची नात). दुरुस्ती करून ती ‘लेडी जेन आणि तिच्या पुरुष वारसांना’ झाली. न्यायाधीश कचरले, कारण हेन्रीने ठरवलेल्या क्रमामागे संसदेचा कायदा होता. पण राजानेच समोर बोलावून हुकूम दिल्यावर ते नमले. डडलीचा स्वार्थ उघड होता, त्याचा मुलगा जेनचा नवरा होता. तरी सावत्र बहीण मेरीचा कॅथलिक धर्म एडवर्डला स्वतःलाच खुपत होता.

राहिला जेनला चिकटलेल्या ‘नऊ दिवसांची राणी’ या नावातला आकडा. तो १५५३ मध्ये ती राणी झाल्याच्या १० जुलैच्या घोषणेपासून १९ जुलैपर्यंतचा आहे. एडवर्ड गेला ६ जुलैला. तिथून मोजलं तर तेरा होतात. मधले दिवस कुठे गेले म्हणाल, तर बापासारखाच त्याचाही मृत्यू लगेच जाहीर केला नव्हता.