डेटाबेसमधून ऑब्जेक्टची यादी भरताय? या चुका टाळा

नव्या पोरांचा जावा कोड तपासायला आला की मी आधी एकच बघतो: 'न्यू', म्हणजे नवा ऑब्जेक्ट बनवणारा शब्द, डेटाबेसच्या ओळी एकेक वाचणाऱ्या लूपच्या आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर पुढचं वाचतच नाही.

हे खूळ एका हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांपासून लागलं. फ्लॅट ८४, बिलंही ८४ छापली गेली, आणि प्रत्येकावर नाव शेवटच्या फ्लॅटवाल्याचं! सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो, ताट तसंच राहिलं. यादीची साइज बरोबर ८४. लूपमध्ये प्रिंट टाकून पाहिलं तर प्रत्येक नाव वेगळं आणि अगदी बरोबर. दोन तास क्वेरीवर, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नावर, संशय घेण्यात गेले. मग लूप संपल्यावर यादीतले ऑब्जेक्ट जसेच्या तसे प्रिंट केले, तर क्लासच्या नावापुढचा तो आकडे-अक्षरांचा हॅशकोड सगळ्या ८४ ओळींत एकच. सभासद ऑब्जेक्ट लूपच्या आधी एकदाच बनवलेला, आणि दर फेरीत त्याच्यातच नवं नाव भरलं जात होतं. यादीत प्रत जात नाही, पत्ता जातो. ८४ वेळा एकच पत्ता लिहून ठेवलेला, मग घरात शेवटी जो राहायला आला तोच सगळीकडे दिसणार.

लिहिणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "सर, मेमरी वाचवत होतो." ८४ ऑब्जेक्टची मेमरी! तेव्हापासून माझी सवय अशी की एक ओळ घेऊन एक नवा ऑब्जेक्ट परत देणारी छोटी मेथड वेगळीच लिहायची. लूपमध्ये फक्त तिला हाक मारायची. मग चूक करायला जागाच उरत नाही.

आधी ओळी मोजणारी काउंटची क्वेरी मारून तेवढ्या ठरलेल्या मापाचा ॲरे बनवू नका. दोन क्वेरींच्या मधे कोणी एक ओळ घातली की ॲरे तोकडा पडतो. लागेल तशी वाढणारी ॲरेलिस्ट त्यासाठीच आहे. आणि ऑब्जेक्टचा ॲरे बनवला म्हणजे ऑब्जेक्ट बनले असं नाही, आत सगळे नल, म्हणजे रिकामे, असतात.

क्वेरीच्या निकालातल्या कॉलमचे नंबर १ पासून सुरू होतात, ० पासून नाही. मी तर नंबर वापरतच नाही, नावच लिहितो.

थकबाकीच्या कॉलममध्ये नल असेल तर आकडा वाचून देणारी गेटइंट मेथड मुकाट ० देते. 'भरलंच नाही' आणि 'बाकी शून्य' यात फरक आहे. लगेच वॉझनल विचारा, म्हणजे आत्ता वाचलेलं नल होतं का ते कळतं.

डेटाबेसचं कनेक्शन काम संपलं की आपोआप बंद करणारं ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा. २०११ च्या जावा ७ पासून ते आहे, आता तरी सबबी नकोत.

दुसरं माझं खास दुखणं म्हणजे 'डेटा आहे का बघू' म्हणून आधी इफमध्ये निकालाच्या पुढच्या ओळीवर नेणारा नेक्स्ट, आणि मग खाली व्हाइलमध्ये पुन्हा नेक्स्ट. इफमधला नेक्स्ट कर्सर, म्हणजे सध्याच्या ओळीची खूण, पहिल्या ओळीवर नेतो, व्हाइलमधला तिथून दुसरीवर. पहिली ओळ कोणी वाचतच नाही. यादी रिकामी आहे का, हे ती भरून झाल्यावर विचारा की! पण घाई असते ना. त्याच सोसायटीत पुढच्या तिमाहीला हेही झालं. ए-१०१ ला बिलच निघालं नाही, आणि तीन महिने आम्हाला पत्ता नव्हता. बिल आलं नाही म्हणून तक्रार कोण करतो?